मेजाची चिठ्ठी

एका रविवारी सकाळी, भरल्या मंडळीसमोर, माझ्या पायाखालची जमीन सरकली. त्याला आता तीसेक वर्षं होत आली. धक्का बसतो आणि ओसरतो असं लोक म्हणतात. माझा अजून पुरता ओसरलेला नाही. भाजी निवडताना, सायकल पुसताना मध्येच आठवतं आणि हातातलं काम थांबतं. बायको विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही." काय झालं ते तिला ठाऊक असतं.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी कळवलं, अहो, पाळकाच्या कामात वाचण्यासारखं काय असणार? किस्से असतात ते वकिलाकडे, डॉक्टरकडे, फौजदाराकडे. त्यांचं उलट पत्र आलं की, पादरी लोक आठवडाभर करतात तरी काय, हेच आमच्या वाचकांना माहीत नाही. हे मात्र खरं आहे. अकोल्याला आमच्या समोर राहणारे एक कारकून मला सहा वर्षं म्हणत होते, "तुमचं बरंय बुवा, आठवड्याला एक तास ड्यूटी."

तर आधी थोडं कामाबद्दल. चर्चला येणाऱ्या लोकांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो आणि त्यांना सांभाळणारा तो पाळक. तोंडावर सगळे पास्टरच म्हणतात. रविवारची उपासना हा बाहेरच्यांना दिसणारा भाग. उरलेले सहा दिवस सायकल. अकोल्यापासून पातूरच्या वाटेवर खेड्याखेड्यांत आमची एक-दोन, एक-दोन घरं होती. पावसाळ्यात काळी माती चाकात आणि मडगार्डात अशी बसायची, की निम्म्या वाटेपासून सायकलवर मी नसून माझ्यावर सायकल असायची. आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, लग्न ठरलं की तीन रविवार पुकारा करून कोणाची हरकत आहे का विचारायचं, पोरांचे बाप्तिस्मे, मयती. मयतीत शास्त्र, म्हणजे बायबल, वाचण्यापेक्षा रडणाऱ्यांची भांडणं सोडवण्यात जास्त वेळ जातो. म्हातारा कोणाकडे जेवायचा यावरून दोन भावांना त्याच्या कबरीच्या काठावर हमरीतुमरीवर आलेलं मी पाहिलं आहे.

आणि या कामात शिरायची रीत वेगळी आहे. अर्ज करून पाळक होता येत नाही. देव बोलावतो, असं आम्ही मानतो. आमच्याकडे त्याला पाचारण म्हणतात. आता देव माणसाला कसा बोलावतो, हे कोणी विचारलं तर मी इतकंच सांगेन, की मला बोलावलं तेव्हा मी एका माणसाची गचांडी धरून नुकताच बाजूला झालो होतो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मी अकोल्याच्या एका जिनात मुकादम होतो. जिनात सरकी-कापूस वेगळा करणाऱ्या यंत्रांचा असा गोंगाट असतो, की माणसाला साधं बोलताच येत नाही, ओरडावंच लागतं. मी ओरडण्यात पटाईत होतो. ओरडून भागलं नाही तर हातही उचलायचा. ख्रिस्ती घरात जन्मलो होतो, चर्चला जात होतो, पण माझा राग नाकाच्या शेंड्यावर. बायको म्हणे, "तुमाले देवळात बसवलं तं घंटेशी भांडसान."

उन्हाळ्यात अमरावतीला आमच्या मंडळ्यांची मोठी सभा भरायची. वऱ्हाडभरातून शे-दोनशे माणसं, चार दिवस, मांडवात. त्या साली पाण्याची व्यवस्था माझ्याकडे होती. शेवटच्या दिवशी दुपारी मांडववाल्यानं न विचारता पाण्याचं पिंप हलवलं आणि सगळं पाणी सांडलं. मी त्याची गचांडी धरली. चौघांनी मला सोडवलं आणि ओढत नेऊन मांडवात तिसऱ्या रांगेत खांबाजवळ आणलं. तिथे एक शाळामास्तर बसले होते, पौलस मास्तर. अतिशय सालस माणूस. ते उठले, म्हणाले, "बसा भाऊ, अठी हवा लागते," आणि स्वतः मागे जाऊन बसले.

सभेच्या शेवटी एक रीत असे. सगळे डोळे मिटून प्रार्थनेत बसलेले असताना सर्वांत वडील पाळक रांगांमधून फिरायचे आणि त्या वर्षी ज्याला पाळकाच्या शिक्षणाला पाठवायचं, त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे. नाव घ्यायचं नाही. आधी जाहीर करायचं नाही. हात पडला की कळायचं.

त्या वेळी वडील पाळक होते आबा पास्टर. निम्म्या वऱ्हाडाचा बाप्तिस्मा त्यांच्या हातचा. मी डोळे मिटून बसलो होतो, पण प्रार्थना कुठली, त्या मांडववाल्याला काय काय ऐकवायचं राहिलं त्याची मनात उजळणी चालली होती. तेवढ्यात माझ्या डोक्यावर हात पडला. वरून आवाज आला, "प्रभूनं तुले पाचारलं हाय."

मी डोळे उघडून मागे पाहिलं, की हे कोणाला म्हणतात! सगळ्या मांडवात "हालेलुया" झालं. बायकांच्या बाजूला माझी बायको हमसून रडायला लागली होती. मी आबांचा हात धरून म्हणालो, "आबा, मी आत्ता माणूस मारणार होतो." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, देवाचं दर्शन झालेल्या माणसाचा चेहरा असाच होत असेल.

जिन सोडलं. तीन वर्षं शिकलो. पुढे अकोल्याच्या मंडळीवर नेमणूक झाली आणि पाहतो तर तिथे पेटी वाजवायला पौलस मास्तर. त्यांची बदली तिथल्या शाळेत झाली होती. मला इतका आनंद झाला! मनात म्हटलं, ज्याच्या जागेवर बसलो असताना बोलावणं आलं, तो माणूस रोज डोळ्यांसमोर राहील. ते मला मान देत. शब्दानं कधी काही बोलले नाहीत.

राग मात्र गेला नाही. प्रार्थना केली, उपास केले, शंभर आकडे मोजले. देव बोलावतो त्याला सुधारूनही घेतो, असं मी दुसऱ्यांना सांगत होतो आणि मंडळीच्या पंचांच्या बैठकीत टेबलावर मुठी आपटत होतो. मनाशी एकच आधार होता: आपण असे आहोत हे देवाला ठाऊक होतं, गचांडी धरलेली त्यानं पाहिली होती, तरी त्यानं हात ठेवला. त्या एका हातावर मी उभा होतो. तो काढला तर माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

आता मेजाची चिठ्ठी म्हणजे काय ते सांगतो. तीन महिन्यांतून एकदा आम्ही प्रभूचं मेज करतो. भाकर मोडायची आणि द्राक्षरस वाटायचा. त्या काळी अकोल्यात द्राक्षरस कुठला, माझी बायको काळ्या मनुका उकळून गाळून करायची. आमच्या मंडळीत मेजाच्या आधीच्या आठवड्यात पाळकानं प्रत्येक घरी जाऊन एकच प्रश्न विचारायचा: "कोणाशी अबोला?" नसेल तर पुठ्ठ्याची एक छोटी चिठ्ठी द्यायची. असेल तर आधी जाऊन समेट करायचा, मग चिठ्ठी. चिठ्ठी नाही त्यानं मेजाच्या दिवशी मागच्या बाकावर बसायचं. ही रीत आबांनीच पूर्वी इथे पाळक असताना घातलेली.

त्यात गमतीही व्हायच्या. दोन सख्ख्या जावा होत्या, चुलीसाठी साठवलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काटक्यांच्या, ढिगावरून त्यांचं भांडण. दर तीन महिन्यांनी शनिवारी गळ्यात पडून रडायच्या, चिठ्ठ्या घ्यायच्या आणि सोमवारी पुन्हा ढिगाच्या दोन टोकांना उभ्या. एकदा मी चिडून म्हणालो, "बाई, हा समेट आहे की हप्ता?" धाकटी म्हणाली, "पास्टर, दोन दिवस तं दोन दिवस. तेवढं तरी गोड जाते."

आबा निवृत्त होऊन अकोल्यालाच राहायला आले, आणि माझी परीक्षा सुरू झाली. मोतीबिंदूनं त्यांचे डोळे जवळजवळ गेले होते, पण चर्चची प्रत्येक पायरी त्यांच्या पायांना पाठ होती. पहिल्या बाकावर बसायचे. माझ्या उपदेशात चूक झाली की काठी फरशीवर आपटायचे. टक्. मंडळी हसू दाबायची. एकदा, दोनदा, दर रविवारी. मला वाटे, ज्यांनी मला बोलावलं तेच मला का छळताहेत?

विदर्भ महाराष्ट्रात येऊन पाचेक वर्षं झाली असतील. त्या रविवारी मी येशूनं पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट सांगत होतो आणि भाकरीचं बोलणारा शिष्य म्हणून फिलिप्पाचं नाव घेतलं. टक्. "फिलिप्प नाही, अंद्रिया. भाकरीचं अंद्रिया बोलला."

मला काय झालं कळलं नाही. जिनातला आवाज बाहेर आला. "मंग तुमीच या वर अन् करा! नाही तं गप बसा! डोळे गेले, आता तोंड तरी बंद ठेवा!"

आबांनी काठी दोन्ही हातांनी धरून मांडीवर घेतली. घरी आल्यावर मी शास्त्र उघडून पाहिलं. अंद्रियाच होता.

पुढचे दोन रविवार आबा आले, पण काठी वाजली नाही. लाज वाटते सांगायला, पण मला हलकं वाटलं. मग मेजाचा आठवडा आला. मी घरोघर जाऊन "कोणाशी अबोला?" विचारलं, चिठ्ठ्या दिल्या. आबांच्या दारावरून चार वेळा सायकल नेली. आज उशीर झाला, उद्या येऊ. उद्या त्यांची वामकुक्षीची वेळ असेल, परवा येऊ. पाळकाला चिठ्ठी कोण देतो, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला कधी पडला नव्हता.

रविवारी मेज मांडलं होतं. भाकर आणि पेले पांढऱ्या कापडाखाली झाकलेले. आबा पांढरा कोट घालून आले. पहिला बाक काठीनं चाचपला आणि पुढे न बसता, हळूहळू चालत, अगदी मागच्या बाकावर जाऊन बसले.

रूथमावशी म्हणून एक सुईण होत्या, फटकळ तोंडाच्या. त्या वळून म्हणाल्या, "आबा, तिकडं काहून बसले?"

"मले चिठ्ठी नाही भेटली, बाई," आबा म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. नियम सांगावा तसं म्हणाले.

रूथमावशी उठल्या. पुढे आल्या, आपली चिठ्ठी मेजाच्या कडेवर ठेवली आणि आबांशेजारी जाऊन बसल्या. मग धाकटी जाऊ उठली. तिच्यामागे थोरली. मग एकामागून एक. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. पुढचे बाक रिकामे झाले, मागे दाटीवाटीनं माणसं उभी राहिली आणि माझ्यासमोर चिठ्ठ्यांचा ढीग झाला. खरं सांगू? आधी मला राग आला. यांनी ठरवून केलं, असं वाटलं. मग मेजावरचा ढीग पाहिला. त्यात माझी चिठ्ठी नव्हती.

मी खाली उतरलो. मागच्या बाकापर्यंत गेलो. "आबा, मी चुकलो," म्हणालो. "तुमाले नाही नाही ते बोललो. अन् तुमच्या दारावरून चार वेळा गेलो, आत नाही आलो. माफ करा."

"थांब," आबा म्हणाले. "तुह्यापेक्षा माहं मोठं हाय. तेरा वर्षं झाले, मी चिठ्ठी घेऊन राहिलो अन् खोटी घेऊन राहिलो."

मला काही समजेना.

"अमरावतीच्या सभेत म्या तुले बोलावलंच नवतं," आबा म्हणाले. "पौलस मास्तराले बोलावणार होतो. आदल्या दिवशी त्याले सांगतलं बी होतं, तिसऱ्या रांगेत खांबापाशी बस म्हणून. मोतीबिंदू तवाच सुरू झाला होता. कोणाले बोललो नवतो. बोललो असतो तं मले घरी बसवलं असतं. हात ठेवला, अन् तुहा आवाज ऐकला, तवा समजलं का हा दुसराच हाय. पण लोक ओरडून राहिले होते, तुही बायको रडून राहिली होती. माही हिंमत नाही झाली."

मी बाक धरला. माझ्या कानांत जिनाची यंत्रं सुरू झाल्यासारखी वाटली. तेरा वर्षं मी ज्या हातावर उभा होतो तो माझ्यासाठी नव्हताच! मी पाळक झालो होतो तो एका झाकल्या मोतीबिंदूमुळे आणि पाण्याच्या पिंपामुळे.

तेवढ्यात पुढून खाडकन आवाज झाला. पौलस मास्तरांनी पेटी बंद केली होती. ज्या माणसानं कधी दार जोरात लावलं नाही, तो मधल्या वाटेनं ताडताड चालत बाहेर निघून गेला.

मी मागे धावलो. ते आवारात नळापाशी उभे होते. तोंड धुवायचं होतं बहुतेक, पण नळ न सोडताच उभे होते.

"मास्तर," मी म्हणालो, "चला. मेज तुमी द्या. मी सोडतो. जागा तुमचीच होती."

ते माझ्यावर ओरडले. पौलस मास्तर ओरडले! "मले जागा नाही पायजे! तुमाले समजून राहिलं का, मी तेरा वर्षं काय केलं ते? आबानं सांगतलं होतं, तयार राह्य. मी तयार होतो. जागा तुमाले दिली तरी आबा मले पायतीन, असं समजलो. अन् हात तुमच्यावर पडला. मी म्हटलं, देवानं ऐन वक्ताले माह्यात कायतरी पायलं अन् हात फिरवला. तवापासून रोज सकाळी शोधून राहिलो, का माह्यात खोट कोणती हाय. बायकोले इचारलं. शाळेतल्या पोरांच्या डोळ्यांत पायलं. खोट सापडली नाही, म्हणून अजून मोठी असंल समजलो. अन् आज समजते का, मोतीबिंदू होता!"

मी आयुष्यात खूप माणसांचा राग पाहिला, स्वतःचा सर्वांत जास्त. रागाच्या वेळी शहाणपण सांगणाऱ्याचा आणखी राग येतो, एवढं मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी नुसता नळ सोडला. त्यांनी तोंड धुतलं. मी माझा रुमाल पुढे केला. ते बराच वेळ तोंड पुसत राहिले आणि मग म्हणाले, "एकडाव कोणी 'येतो का' म्हणून इचारलं असतं तरी चाललं असतं."

आम्ही आत आलो. कोणी जागचं हललं नव्हतं. मास्तर आबांसमोर खाली फरशीवर बसले.

"आबा, तवा मले बोलावणार होते ना? मंग आता बोलवा."

आबांनी हात उचलला आणि हवेत चाचपू लागले. मी तो हात धरला आणि मास्तरांच्या डोक्यावर नेऊन ठेवला. "पौलस," ते म्हणाले, "प्रभूनं तुले पाचारलं हाय." रीतीत नाव घ्यायचं नसतं. त्यांनी घेतलं.

मास्तर खाली मान घालून बसून राहिले. एवढा मोठा माणूस, खांदे हलत होते. मग डोळे पुसून वर पाहिलं. "मी नाही येत, आबा. माह्या शाळेत पोट्टे हायत, त्याईले कोण पाह्यन? पण इचारलं, बरं केलं." आणि उठून, पेटीकडे जाऊन, झाकण उघडून बसले.

आता सगळ्यांची नजर माझ्यावर आली. जो प्रश्न विचारायची छाती नव्हती तोच तोंडातून निघाला. "अन् मी, आबा? माहं काय?"

मला वाटलं, ते आता माझ्याही डोक्यावर हात ठेवतील. म्हणतील, देवाची तीच इच्छा होती. असं म्हणणं किती सोपं होतं! आबांनी मान हलवली.

"तुहं मले मालूम नाही. म्या तं तुले बोलावलं नाही. खोटं कितीक डाव बोलू?" ते थांबले. "पण माह्या हाकेबिगर तू तेरा वर्षं येऊन राहिला. चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन येऊन राहिला. राग गिळून येऊन राहिला, नाही गिळला तरी येऊन राहिला. मंग तुले कोण बोलावून राहिलं, ते तू त्याले इचार. मले मधात घालू नको. अन् मेज दे आता, माहे गुडघे दुखून राहिले."

मी मेजापाशी गेलो. मला कोणी बोलावलं होतं की नव्हतं, मला खरोखर माहीत नव्हतं. चिठ्ठ्यांचा ढीग बाजूला केला आणि कापड उचललं. भाकर मोडली. पहिला तुकडा घेऊन मागच्या बाकाकडे गेलो.

"आबा," मी म्हणालो.

"दे, पास्टर," म्हणून त्यांनी ओंजळ पुढे केली. दिसत नसल्यामुळे ती माझ्यापासून वीतभर बाजूला गेली होती. मी सरकून तिच्यासमोर उभा राहिलो.